बावन्नच्या आधीचं मरण

बोनकोड्याच्या वामन मढवींनी गावदेवीला नारळ कबूल केला होता, तो नातू व्हावा म्हणून नव्हे की गुडघेदुखी थांबावी म्हणूनही नव्हे. आपल्या आईचा बाप एकोणीसशे बावन्न सालच्या वैशाखाआधी मेलेला असावा, कुठेही आणि कसाही, एवढंच त्यांचं मागणं होतं. देवीनं आजवर पुष्कळ तऱ्हेवाईक गाऱ्हाणी ऐकली असतील, पण आजोबाच्या मरणासाठी हात जोडणारा सदुसष्ट वर्षांचा नातू तिलाही नवाच असणार.

माणूस काळजाचा कठोर नव्हता. दिघ्याच्या पट्ट्यात रसायनांच्या एका कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं ऑपरेटरकी केली. दर तासाला काट्यावरचं तापमान बघायचं आणि वहीत मांडायचं, हे काम. बाकीची मंडळी पाळी सुटायच्या सुमाराला चहा पीत बसायची आणि आठही तासांचे आकडे एका दमात ठोकून द्यायची. वामनरावांनी मात्र डोळ्यांनी न बघितलेला आकडा कधी लिहिला नाही. लोक त्यांना 'काटा' म्हणायचे, तोंडावर म्हणायचे, आणि त्यांना त्याचा राग येत नसे. जमिनी नव्या शहरात गेल्या, उरलेल्या गावठाणात त्यांनी चार मजली इमारत बांधली, खालचे दोन मजले भाड्याने दिले. बायको गेली. मुलगा केतन, वाशीला ऑफिसात जाणारी सून सुचिता आणि सत्त्याऐंशी वर्षांची आई यशोदाबाई, असं घर. निवृत्तीनंतर माणसानं जसं निवांत राहावं तसे ते राहत होते.

मग यशोदाबाई न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण म्हातारीनं अंथरूण धरलं ते धरलंच. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, चालायला हरकत नाही. पण त्यांना उठायचंच नव्हतं. जेवण टाकलं. एका दुपारी घरात दोघंच असताना त्यांनी वामनरावांना जवळ बसवलं आणि बहात्तर वर्षं जी गोष्ट नवऱ्यालाही सांगितली नव्हती ती सांगितली.

यशोदाबाईंचं माहेर दिघा. बाप कान्हा चांगो भोईर, मिठागरातला मजूर. पावसाळ्यात मिठागरं बंद पडली की पोरं खाजणात अनवाणी फुटबॉल खेळत, त्यात हा कान्हा असा काही पळायचा की चेंडू त्याच्या पायाला बांधलाय असं वाटावं. ठाण्याच्या एका मिलनं त्याला उचलला. मस्टरवर नाव रंगखात्यात, पण रंगाचा एक थेंब त्याच्या अंगावर उडाला नाही. काम एकच, मिलच्या टीमकडून खेळायचं. तिथे त्याला कलकत्त्याच्या एका क्लबच्या माणसानं पाहिला. त्या काळी खेळण्याचा पगार घेणं हलकं समजत, म्हणून क्लबनं त्याला कागदावर कारकून केला. ज्याला सही येत नव्हती तो कारकून झाला आणि एकोणचाळीस साली कलकत्त्याला गेला. यशोदा तेव्हा दोन वर्षांची होती. दुसऱ्याच्या हातानं लिहिलेली पोस्टकार्डं यायची. त्रेचाळीसच्या सुरुवातीला शेवटचं कार्ड आलं. त्यानंतर काही नाही.

बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाची क्रिया करून टाकतात. दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, बायकोचं कुंकू उतरवायचं. ही बारा वर्षं मोजायची असतात शेवटची खबर आली त्या दिवसापासून. दिघ्याच्या भोईरांनी ती मोजली माणूस घरातून गेला त्या दिवसापासून. घाई होती. पोर लग्नाला आलेली, सोयरीक येत होती आणि जो तो विचारायचा, मुलीची आई सवाष्ण की विधवा? कान्ह्याच्या धाकट्या भावानं बोटं मोजली, एकोणचाळीस ते एकावन्न, झाली बारा. पुतळा जळला. यशोदाची आई गोजरा पांढऱ्या कपाळानं घरात वावरू लागली. पंचावन्नपर्यंत थांबायला हवं होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही असं नव्हे. कुणी बोललं नाही एवढंच.

आणि बावन्नच्या वैशाखात, यशोदाच्या हळदीच्या दिवशी, मांडवात एक माणूस येऊन उभा राहिला. तोंडावर देवीचे व्रण, दात पडलेले, एक पाय ओढत चालणारा. म्हणाला, मी कान्हा.

"धवलारनीनी गानाच थांबवला," यशोदाबाई सांगत होत्या. "सगली गप. काका म्हनला, आमचा कान्हा हरनासारखा पलायचा, यो लंगरा कोन? जमिनीवर डोला ठेवून आलेला भामटा हाय. पाटील म्हनला, गोजराला इचारा. पन आई भायेर आलीच नाय. तिचा कुकू उतरलेला, ती कशी येल?"

न येण्याला कारण होतं. क्रिया झालेला माणूस जिवंत निघाला तर त्याला सरळ घरात घेता येत नाही. त्याचा पुन्हा जन्म करावा लागतो, पुन्हा बारसं, आणि आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न. ते होईपर्यंत घरात दुसरं मंगलकार्य नाही. नवऱ्याकडची माणसं दुसऱ्या दिवशी बोनकोड्याहून निघायची होती. मांडवातल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी त्या माणसाबरोबर खाजणात चेंडू मारला होता, पण तोंड उघडून पाप आपल्या माथी घ्यायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा पाटलानं मोठी अक्कल चालवली. म्हणाला, पोरगी एकुलती एक आहे, तिचं रक्त आहे, तीच सांगेल.

"तो मानूस म्हनला, तिला नका इचारू. ती दोन वर्साची व्हती, ती कशी वलखल मना." यशोदाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तशाच म्हणाल्या, "तरी इचारला. मी सैपाकघराच्या दाराकरं बगितला. आईनी दार लोटून घेतला. मंग मी बोलले, नाय. यो माजा बापूस नाय."

तो माणूस हो-नाही काही म्हणाला नाही. मिठागराच्या बांधावरून आला तसा गेला. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं.

"भामटा असता तं भांडला असता, वामन. पोरीला नका इचारू, आसा भामटा कशाला बोलल? यवरा माज्या उरावर हाय. तो माजा बापूस व्हता का नव्हता, यवरा मना सांग. मंग मी मरायला मोकली."

वामनरावांना उमगलं ते एवढंच: कान्हा चांगो बावन्नच्या आधी मेल्याचा कागद सापडला, तर त्यांची आई सुटली. नाही सापडला तर पंधरा वर्षांच्या पोरीनं भरल्या मांडवात बापाला नाकारलं, आणि ते आता कुणालाही निस्तरता येण्यासारखं नव्हतं.

काट्याचा माणूस कागदाच्या मागे लागला. तालुक्याच्या कचेरीत जुनी कोतवाल बुकं असतात, गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींची. तिथे हल्ली जातीच्या दाखल्यासाठी पणजोबाचं नाव शोधणाऱ्यांची रीघ असते. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "कुठला दाखला पायजे काका?"

"दाखला नको. मयताची तारीख पायजे."

"प्रॉपर्टीचं लफडं हाय का?"

"नाय. आईला पायजे."

कारकुनानं तेव्हा मान वर केली. सरकारी काम आणि सहा महिने थांब, पण त्या पोरानं तीन महिन्यांत बुक काढून दिलं. मोडी वाचणारे एक गृहस्थ बाहेर टेबल टाकून बसायचे. त्यांनी भिंग लावून बोट ठेवलं, "कान्हा चांगो, वय पस्तीस, मयत, कारण ज्वर." वामनराव टेबलावर वाकले. "साल एकावन्न, श्रावण."

ती पुतळ्याची तारीख होती. गवताच्या माणसाला ज्वर येऊन तो मेल्याचं कोतवालानं लिहून ठेवलं होतं. डोंगर पोखरून उंदीर काढावा तशी गत, पण वामनरावांना राग आला तो वेगळाच. न बघितलेला आकडा कुणीतरी वहीत ठोकून दिला होता.

ठाण्याच्या मिलच्या जागी आता टॉवर उभे आहेत. मिलचे कागद रद्दीत गेले. राहता राहिलं कलकत्ता. तिथे जायची वामनरावांची ऐपत होती, पण आईला सोडून जायची हिंमत नव्हती. सुचितानं ते काम अंगावर घेतलं. ती जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसायची आणि संध्याकाळी सासऱ्यांना अहवाल द्यायची. क्लबकडून उत्तर आलं नाही, पण जुन्या खेळाडूंची माहिती गोळा करायचा नाद असलेले एक निवृत्त मास्तर तिला सापडले. सेनबाबू. त्यांना मुलंबाळं नव्हती, भरपूर वेळ होता, आणि कुणीतरी एका विसरलेल्या खेळाडूबद्दल विचारतंय याचाच त्यांना केवढा आनंद झाला होता. त्यांनी चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस सालच्या टीमच्या याद्या पाठवल्या. प्रत्येकीत कान्हा होता. फोटो वाळवीनं खाल्ले होते.

इकडे यशोदाबाईंनी पेजेवरही तोंड फिरवायला सुरुवात केली होती. हाक मारली तर डोळे उघडत, आणि वामनरावांच्या हातात कागद आहे का बघून पुन्हा मिटत.

आषाढात सेनबाबूंची मेल आली. सुचितानं ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मराठीत सांगितली. त्रेचाळीसच्या ऑगस्टमधल्या एका वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी होती: क्लबनं मुंबई इलाख्यातून आणलेला खेळाडू कॉलऱ्यानं वारला. नाव दिलेलं नव्हतं. "ते लिहितायत, आमच्या यादीत मुंबईकडचा एकच माणूस आहे, म्हणजे हे बहुधा तुमचेच आजोबा. पण पप्पा, ते म्हणतात एक महिना थांबा. क्लबच्या जुन्या सेक्रेटरीच्या घरी रजिस्टरं आहेत, ती बघून कन्फर्म करतो."

"त्रेचाळीस," वामनराव म्हणाले.

"बहुधा, पप्पा."

"महिनाभर आई टिकल का?"

वामनराव आत गेले, आईच्या उशाशी बसले आणि म्हणाले, "आये, कागद आला. तुजा बापूस त्रेचाळीस साली कलकत्त्याला वारला. कॉलरा झालता." एकतीस वर्षांत न केलेली गोष्ट त्यांनी त्या दिवशी केली. काटा पुरता न बघता आकडा सांगितला. 'बहुधा' हा शब्द स्वयंपाकघर ते माजघर एवढ्या अंतरात त्यांनी गाळला.

यशोदाबाईंनी डोळे पुरते उघडले. मग म्हणाल्या, "मंग तो भामटाच व्हता."

"होय."

"मी खरा बोलले."

"होय आये."

त्या रडल्या नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी मागितली. अर्धी भाकर खाल्ली. आठवड्याभरात त्या वॉकर धरून पॅसेजपर्यंत जाऊ लागल्या. डॉक्टरांनी स्वतःच्या औषधाची पाठ थोपटून घेतली. वामनरावांनी गावदेवीचा नारळ फोडला, प्रसाद चारही मजल्यांवर वाटला, आणि कित्येक महिन्यांनी त्यांना रात्रभर झोप लागली.

दुसरी मेल श्रावणात आली. सुचिता त्या दिवशी ऑफिसातून लवकर आली, पण घरात आली नाही. सासऱ्यांना फोन करून तिनं गच्चीवर बोलावलं. वामनराव दोन दोन पायऱ्यांनंतर थांबत वर गेले. ती टाकीच्या आडोशाला उभी होती, हातातला प्रिंट काढलेला कागद वाऱ्यानं फडफडत होता.

सेनबाबूंनी आधी माफी मागितली होती. त्रेचाळीसला कॉलऱ्यानं वारला तो दुसरा खेळाडू, पुण्याकडचा. त्याला नुकताच आणलेला होता, म्हणून यादीत नाव नव्हतं. कान्ह्याचं नाव त्रेचाळीसच्या मेमध्ये टीममधून निघालं, कारण उजवा गुडघा मोडला. नंतर पगारही बंद झाला. क्लबनं दया म्हणून त्याला मैदानाची देखभाल करायला ठेवून घेतलं, जेवण आणि राहायला ग्राउंडमागची खोली. पंचेचाळीस साली देवी आल्या, त्यातून वाचला.

"पुढं वाच," वामनराव म्हणाले.

"बावन्नच्या एप्रिलमध्ये रजा घेतलीय. एक महिन्याची. रजेचं कारण लिहिलंय." सुचितानं फडफडणारा कागद दोन्ही हातांनी धरला. "घरी जायचं आहे. मुलगी आता लग्नाची झाली असेल."

वामनराव टाकीच्या कठड्यावर बसले.

"अकराव्या दिवशी परत हजर झाले. पुढे शेरा आहे: उरलेली रजा नको. मुलीचं लग्न चांगलं झालं." तिनं कागद उलटला. "एकोणसत्तर साली वारले पप्पा. त्याच खोलीत. क्लबच्या फॉर्मवर वारसाचा रकाना आहे. मुलगी, यशोदा, विवाहित. आणि कळवण्याचा पत्ता आहे ना, तिथे लिहिलंय, कळवू नये."

"परत वाच."

"कळवू नये."

एकोणसत्तर साली वामनराव बारा वर्षांचे होते. म्हणजे बारा वर्षं आपला आजोबा जिवंत होता, कुठल्याशा मैदानात गवत कापत होता, चुन्याच्या रेघा ओढत होता, आणि आपल्याला एक नात्याचं माणूस आहे हे आपल्याला ठाऊकच नव्हतं. हे त्यांच्या मनात आलं. मग आलं ते याहून वाईट होतं. भावानं नाकारलं, गावानं नाकारलं, बायकोनं दार लोटलं, आणि तरी त्या माणसानं कलकत्त्याला जाऊन सांगितलं की लग्न चांगलं झालं. मुलीला पुढे कधी कळलं तर तिचं काय होईल, याची काळजी तो मरेपर्यंत करत बसला होता. आणि आपण त्याच्या मरणासाठी नारळ फोडून मोकळे झालो. वामनरावांना ढसाढसा रडू आलं. सुनेसमोर रडायची लाज वाटली, पण थांबता येईना.

"आजींना नका सांगू," सुचिता म्हणाली.

"कसा सांगनार?" ते म्हणाले. "आता कसा सांगनार, पोरी."

त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. तो महिना थांबलो असतो तर, हा हिशेब त्यांनी मांडून पाहिला. थांबलो असतो तर आई हे ऐकून गेली असती, नाहीतर न ऐकताच गेली असती. दोन्हीत सुख नव्हतं. पण त्या दोन्हींत निदान खोटं नव्हतं, आणि पुढे जे सुरू झालं तेही झालं नसतं.

कारण यशोदाबाईंचं तोंड आता सुटलं होतं. बहात्तर वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट मोकळी झाली आणि म्हातारीला ती सांगताना गंमत वाटू लागली. दुपारी भाडेकरणी पॅसेजमध्ये भाजी निवडायला बसत. यशोदाबाई खुर्ची टाकून त्यांच्यात बसायच्या आणि हळदीच्या दिवशी आलेल्या लंगड्या भामट्याची कथा रंगवायच्या. दर खेपेला भामटा आणखी भामटा होत गेला. त्याच्या डोळ्यांत चोर दिसत होता. त्याच्या अंगाला ताडीचा वास होता. त्याला आमची चार गुंठे खाचरं हवी होती. पण मी काय दुधखुळी होते? सगळे मोठे मोठे बाप्ये तोंडं शिवून बसले, आणि मी पंधरा वर्षांची पोर, ताडकन बोलले. कशी शेपूट घालून पळाला मेला. बायका हसायच्या. यशोदाबाई त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसायच्या. आई इतकी हसलेली वामनरावांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

ते आतल्या खोलीत बसून ऐकायचे. दार लावलं तरी ऐकू यायचं. बाहेर जाऊन बसावं म्हटलं तर पाय निघत नसे, कुणीतरी त्या माणसाच्या बाजूचं घरात असावं असं वाटे, जरी त्यानं तोंड उघडायचं नसलं तरी. सर्वपित्रीला त्यांनी आजोबांच्या नावानं वेगळं पान वाढलं. यशोदाबाईंनी समाधानानं नमस्कार केला आणि म्हणाल्या, "त्रेचालीस साली गेला बिचारा. बगाया असता तं त्या भामट्याची तंगरी तोरली असती त्यानी."

दिवाळीनंतरची एक दुपार. पॅसेजमध्ये कथा चालली होती. वामनराव पाण्याचा मीटर बघायला म्हणून बाहेर आले आणि मधेच अडकले, कारण बायकांनी वाट भरून टाकली होती. खालच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेली सखू वालाच्या शेंगा सोलत पहिल्यांदाच ही गोष्ट ऐकत होती. सगळ्या हसल्या तिथे ती हसली नाही. तिचा स्वतःचा बाप ती लहान असताना घर सोडून गेलेला होता, हे इमारतीत सगळ्यांना माहीत होतं.

"पन आजी," ती म्हणाली, "तो खरंच तुमचा बाप असता तर?"

बायकांचं हसणं विरलं. यशोदाबाईंचा हात वॉकरच्या दांडीवर गेला. वामनरावांना ती नजर ओळखीची होती, अंथरुणावरून त्यांच्या हातांकडे बघणारी. त्या वळल्या आणि त्यांनी लेकाकडे पाहिलं.

"वामननी कागद बगितलाय," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "सांग रं हिला. बगितलायस ना तू, सोताच्या डोल्यानी?"

"बगितलाय," वामनराव म्हणाले. "भामटाच होता तो."